हळदीचा पिवळा, ताईचा सावळा

तुमच्या माहेरी किंवा सासरी भिंतीवर जुना, हाताने रंगवलेला एखादा फोटो आहे का? असेल तर एकदा खाली काढा, काचेवरची धूळ पुसा आणि नीट बघा. साडी हिरवीगार, कुंकू लालभडक, ओठांवर हलका गुलाबी. आणि चेहरा? चेहरा बहुतेक वेळा गोरा. मग मूळ माणूस कसाही असो.

रंगीत फिल्म आपल्याकडे सर्रास मिळायला लागली त्याआधी काळ्या-पांढऱ्या फोटोवर पातळ रंगाचे हात देऊन तो ‘रंगीत’ केला जायचा. हे काम करणारे पुष्कळदा चित्रकार असत. माझ्या आजीचा असा एक फोटो आमच्याकडे आहे. आजी तो दाखवून नेहमी म्हणायची, "साडी हिरवी नव्हती गं माझी, वांगी रंगाची होती. रंगवणाऱ्याला काय ठाऊक!" साडीबद्दल तिची ही तक्रार शेवटपर्यंत होती. चेहऱ्याबद्दल मात्र तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. आणि आजी तर चांगली सावळी होती!

साडीचा रंग चुकला तर बोलायचं, स्वतःचा रंग चुकला तर गप्प बसायचं. असं का, हा प्रश्न मला पडला तो रंगीत फोटोग्राफी शिकताना.

लाल दिवासुद्धा बंद

मी सांगलीची. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा दिल्या, ग्रेड चांगली मिळाली आणि बारावीनंतर कोल्हापूरला कलामहाविद्यालयात जायचा हट्ट धरला. "चित्रं काढून पोट भरतं का?" हा प्रश्न आलाच. पण मी उपयोजित कलेला जाणार, त्यात जाहिरातीची कामं मिळतात, असं कुणीतरी वडिलांना सांगितलं आणि एसटीचा पास निघाला.

उपयोजित कलेत फोटोग्राफी हा एक विषय असतो. सुरुवात काळ्या-पांढऱ्या फोटोपासून. डार्करूममध्ये मंद लाल दिवा, समोर ट्रे, ट्रेमध्ये कोरा कागद. औषधात कागद हलवत राहायचं आणि बघता बघता त्यावर चेहरा उमटतो. पहिल्यांदा तो बघताना मी आणि माझी मैत्रीण अक्षरशः ओरडलो होतो. मुलींनी डार्करूममध्ये जोडीनंच जायचं, असा आमच्याकडे अलिखित नियम होता. त्यामुळे आनंद झाला तरी दोघींना, ओरडा बसला तरी दोघींना.

२००२ साली आम्ही रंगीत छपाईवर आलो आणि सरांनी पहिल्याच दिवशी लाल दिवा बंद केला. रंगीत कागदाला सगळेच रंग ‘दिसतात’, लालसुद्धा. त्यामुळे मिट्ट काळोख. कात्री कुठे, कागद कुठे, त्याची गुळगुळीत बाजू कुठली, सगळं बोटांनी ओळखायचं. मग कागद गोल डब्यात घालून झाकण लावायचं, तेव्हा कुठे दिवा लागायचा. मला त्या काळोखाची भीती वाटली नाही. दिवे गेल्यावर फळीवरची काडेपेटी अचूक शोधणारी आई मी रोज बघत होते.

फिल्म धुण्याची तऱ्हा तर त्याहून नाजूक. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ या पद्धतीत औषधाचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस लागतं. म्हणजे अंगात कणकण असावी तितकं. वेळ सव्वातीन मिनिटं. आम्ही बादलीत गरम पाणी घेऊन, त्यात औषधाच्या बाटल्या उभ्या करून, थर्मामीटर लावून बसायचो. आजारी मुलाच्या उशाशी बसतात तसं! अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तरी रंग बदलायचे.

धुतलेली रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते आणि तिच्यात सगळे रंग उलटे असतात. हिरवं झाड किरमिजी, निळं आभाळ पिवळट. छापताना एनलार्जरमध्ये पिवळा, किरमिजी आणि आकाशी असे तीन फिल्टर कमी-जास्त करून रंग जुळवायचे. यात एक गंमत आहे. छापलेला फोटो पिवळट आला तर पिवळा फिल्टर कमी करायचा असं कुणालाही वाटेल. पण करायचं उलटं! पिवळा आणखी वाढवायचा, म्हणजे फोटोतला पिवळेपणा जातो. सर म्हणायचे, "काट्यानं काटा काढायचा." हे सूत्र मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते सांगितलं तर तुम्हाला नवल वाटेल. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये रंगीत फोटोच्या काचा बाजारात आणल्या. त्यांचं नाव ऑटोक्रोम. या काचांवर रंगाचं काम करत होते बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण! ते नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवून, एकत्र करून काचेवर पसरायचे. मधल्या फटी कोळशाच्या बारीक भुकटीनं बुजवायच्या. प्रकाश या रंगीत कणांमधून गाळून आत जायचा. आपण ज्याची खीर आणि पापड करतो, त्या बटाट्यानं जगाला रंगीत फोटो दाखवला.

गुलाल सगळ्यांकडे होता

तंत्र हळूहळू जमत होतं. प्रश्न होता, फोटो कशाचा काढायचा? सरांनी काम दिलं, ‘एक रोल, एक रंग’. छत्तीस फोटो आणि त्यात एकच रंग मुख्य. रोल आणि धुलाईचा खर्च आमच्या खिशाला जड होता, त्यामुळे एकेक फोटो मोजून काढायचा.

जवळजवळ सगळा वर्ग जोतिबाच्या डोंगरावर गेला. चैत्र पौर्णिमेची यात्रा, आभाळापर्यंत उंच सासनकाठ्या आणि सगळीकडे गुलाल. रंगाची याहून मोठी उधळण कुठे मिळणार! मीही गेले. फोटो छान आले. सरांनी सगळ्यांचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले आणि विचारलं, "यातला कुणाचा कुठला, सांगा बघू?" कुणालाच सांगता येईना. तीस मुलांचा एकच गुलाल.

त्या दिवशी सरांनी आम्हाला रघुबीर सिंग यांचं पुस्तक दाखवलं. जयपूरचा हा फोटोग्राफर. इतर मोठे लोक काळ्या-पांढऱ्यालाच कला मानत होते त्या काळात यांनी आयुष्यभर रंगीत फिल्म वापरली. गंगा, बनारस, राजस्थान, मुंबई असे त्यांचे किती तरी ग्रंथ आहेत. १९९९ मध्ये ते गेले. भारतातल्या माणसाला रंग वेगळा शिकवावा लागत नाही, तो त्याच्या जगण्यातच असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पानं उलटताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या फोटोत रंग उधळलेला नसतो, वापरात असतो. कुणाच्या अंगावर, कुणाच्या हातात, कुणाच्या दारावर.

सर जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी देवळात जाऊ नका. आपापल्या घरात कुठला रंग आहे ते बघून या."

आमच्या घरात कुठला रंग? शनिवारी संध्याकाळी वडील यार्डातून आले. आईनं सदरा घेतला, कॉलर बघितली आणि रोजच्यासारखी पुटपुटली. कॉलरच्या घडीत पिवळी रेघ होती. तो रंग मी जन्मापासून बघत होते.

मशीनला हळद माहीत नाही

सांगलीची हळद तुम्हाला सांगायला नको. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवत. यातली कित्येक पेवं २००५ च्या महापुरात गेली. मी फोटो काढले तेव्हा ती नांदती होती.

वडिलांच्या ओळखीनं मी एका वखारीत गेले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पत्र्याच्या फटींतून तिरपे झोत येत होते. त्या झोतांत हळदीची धूळ तरंगत होती. खाली पंचवीसएक बायका हळकुंडं निवडायला बसलेल्या. डोक्याला पदर, नाकाला फडकं, मनगटापर्यंत हात पिवळे. कॅमेरा बघून आधी लाजल्या, मग थट्टा सुरू झाली. एक मावशी म्हणाल्या, "नवरीला एक दिस हळद लागती बाई. आम्हाला रोजच लागती, पण वरात काय निघत न्हाई!" सगळ्या खळखळून हसल्या. तो हसणारा फोटो मला मिळाला.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हळदीचं सगळं उलटंच असतं. डागाला साबण लावला की लाल होतो आणि नुसता उन्हात टाकला की आपोआप उडतो." कुंकूसुद्धा हळदीतूनच करतात की, चुन्यासारख्या क्षारानं तिला लाल करून. म्हणजे रंग ही काही पक्की, ठोकून बसवलेली वस्तू नाही. शेजारी काय आलं, प्रकाश कुठला पडला, यावर तो बदलतो. कॉलेजात कलर व्हीलवर महिनाभर घासून जे समजलं होतं, ते आईनं धुण्याच्या दगडाशी एका वाक्यात सांगितलं.

डार्करूममध्ये मोठे फोटो छापण्याआधी मी रोल गावातल्या एका लॅबमध्ये छोट्या प्रिंटसाठी दिला. प्रिंट आल्या आणि माझा चेहराच उतरला. हळद गेली कुठे? ढीग मळकट, मातकट दिसत होते. आणि बायकांचे पांढरे पदर चक्क निळसर!

सर फोटो बघून हसले. म्हणाले, "मशीननं तुझी हळद पुसून टाकली." मग त्यांनी समजावलं. लॅबचं यंत्र एक गोष्ट गृहीत धरतं. कुठल्याही सर्वसाधारण फोटोतले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण करडा रंग होतो. एखादा रंग फार जास्त दिसला की यंत्राला वाटतं, काहीतरी बिघडलंय. मग ते विरुद्ध रंग वाढवून फोटो ‘दुरुस्त’ करतं. माझ्या फोटोत सगळीकडे पिवळाच पिवळा. यंत्रानं त्याला दोष समजून निळा मिसळला.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याबरोबर लॅबमध्ये आले. तिथला मुलगा म्हणाला, "मशीननं बरोबरच काढलंय, सर." सर शांतपणे म्हणाले, "मशीनला हळद माहीत नाही. तुला माहीत आहे ना? मग तू सांग त्याला." त्या मुलानं आपोआप होणारी दुरुस्ती बंद केली, हातानं पिवळा जुळवला आणि प्रिंट बाहेर आली. हळद हळदीसारखी! तो मुलगाही बघतच राहिला. तोही सांगलीचाच होता.

‘सरासरीत बसत नाही म्हणजे बिघडलेलं आहे’ हे यंत्राचं मत. ते प्रत्येक वेळी मान्य करायचं नसतं, हा माझ्यासाठी रंगीत फोटोग्राफीचा पहिला मोठा धडा. दुसरा धडा लगेच पुढच्या वर्षी आला आणि तो वखारीतला नव्हता, घरातला होता.

‘दाखवायचा’ फोटो

माझी मामेबहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बी.ए. झालेली, हुशार, बोलकी आणि सावळी. मामाकडे तिच्या लग्नाचं बघणं सुरू होतं. स्टुडिओतून फोटो काढून आणला होता. चेहऱ्यावर पावडरचा थर, समोरून झगझगीत लाइट, वर टचिंग. चेहरा दुधासारखा आणि मांडीवर ठेवलेले हात मात्र तिचे स्वतःचे. दोन वेगवेगळ्या बायका जोडल्यासारख्या.

हा फोटो बघून दोन स्थळं आली. पोहे झाले, प्रश्न झाले. दोन्हीकडून निरोप एकच, "फोटोत वेगळी दिसते." दुसऱ्या निरोपानंतर ताई तीन दिवस कुणाशी बोलली नाही. मग मला म्हणाली, "तू शिकतेयस ना रंगीत फोटो? मग मी मला ओळखेन असा एक काढ."

मामी तयार नव्हती. "स्टुडिओत गोरा येतोय की फोटो! तुझे कॉलेजचे प्रयोग नकोत आत्ता." मामीला दोष देत नाही मी. मुलीची काळजी होती आणि बाजारभाव तिला माहीत होता.

एक गंमत बघा मैत्रिणींनो. साडीच्या दुकानात गेलो की आपल्याकडे रंगांची केवढी नावं असतात! चिंतामणी, आमसुली, अबोली, मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी, विटकरी, श्रीखंडी. दुकानदारानं आमसुलीऐवजी अंजिरी दाखवली तर लगेच ओळखतो आपण. आणि लग्नाच्या पत्रिकेत ‘वर्ण’ या रकान्यात? गोरा, निमगोरा, गव्हाळ. संपलं. सावळ्या मुलीच्या पुढेही ‘गव्हाळ’च लिहितात. एवढी रंगपारखी डोळे असलेल्या बायका आपण, आणि स्वतःच्या कातडीपाशी आलो की शब्दच संपतात.

शर्ली नावाची गोरी बाई

ताईच्या फोटोसाठी मी वाचायला लागले, सरांना विचारायला लागले. तेव्हा थोडं कळलं, पुढे वाचनातून बरंच कळलं. रंगीत छपाईचं यंत्र नीट लावण्यासाठी कोडक कंपनी लॅबना एक नमुना फोटो पाठवायची. त्यात एक गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणायला लागले. या बाईचा रंग बरोबर आला म्हणजे यंत्र बरोबर! कित्येक दशकं जगभरच्या फोटोंची कसोटी ही होती.

तपकिरी रंगाच्या छटा या फिल्मवर नीट उतरत नाहीत अशी तक्रार कंपनीकडे जोरात केली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. त्यांना जाहिरातीत गडद आणि फिकं चॉकलेट वेगळं दिसायला हवं होतं. माणसांसाठी नाही, मालासाठी फिल्म सुधारली. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे सावळा चेहरा ‘फोटोत चांगला येत नाही’ हे आपण ऐकत आलो, त्यात चेहऱ्याचा काहीच संबंध नव्हता.

दुसरी मदत मिळाली ती चित्रकलेच्या तासातून. अमृता शेर-गिल यांचं १९३५ चं ‘तीन मुली’ हे चित्र सरांनी पुस्तकात दाखवलं. तीन तरुण मुली शेजारी शेजारी बसलेल्या, नजर खाली, आपल्याकडे कुणीच बघत नाही. पुढे काय होणार ते आपल्या हातात नाही, हे त्यांना जणू माहीत आहे. पण रंग बघा! त्यांची कातडी नुसती तपकिरी नाही. त्यात लाल आहे, पिवळा आहे, सावलीत हिरवट छटा आहे. साडीच्या रंगावर जेवढे कष्ट घेतात तेवढेच त्यांनी चेहऱ्याच्या रंगावर घेतलेत. सावळा म्हणजे गोऱ्याचा अभाव नाही. तो स्वतः एक भरलेला रंग आहे. हे मला त्या चित्रासमोर उमगलं.

ओसरीवरची संध्याकाळ

मामाचं घर तासगाव तालुक्यात. ओसरी पश्चिमेकडची. ऊन अंगणात होतं आणि त्याचा उजेड परतून ओसरीवर येत होता. बसायच्या खोलीच्या भिंतींना हिरवा ऑइलपेंट होता. तिथं बसवलं असतं तर भिंतीचा हिरवा तिच्या गालावर उतरला असता. म्हणून तिला जुन्या लाकडी दाराशी बसवलं. चुन्याची पांढरीफेक भिंत मुद्दाम टाळली. मागे एवढं पांढरं असलं की कॅमेऱ्याचं मीटर तेच मोजतं आणि चेहरा काळा पडतो.

मीटर मी तिच्या चेहऱ्याजवळ नेऊन धरलं. सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली होती. मीटर मध्यम करड्या रंगाच्या हिशेबानं चालतं. गोऱ्या चेहऱ्यावर धरलं तर त्यानं सांगितलेला आकडा बदलून घ्यावा लागतो. सावळ्या चेहऱ्यावर ते जवळजवळ बरोबरच सांगतं! आयुष्यात पहिल्यांदा कुठलं तरी माप आपल्या बाजूनं होतं.

मामीनं फिकट गुलाबी साडी काढून ठेवली होती. ताई चिंतामणी नेसून आली. पावडर लावली नाही. मी फ्लॅश वापरला नाही. बारा फोटो काढले.

छपाई मी स्वतः केली. चार संध्याकाळ लागल्या. चेहरा जरा किरमिजी झाला की तो फिल्टर वाढव, हिरवट झाला की कमी कर. पडताळायला मी ताईची एक रिकामी बांगडी आणि तिच्या साडीचा काठ जवळ ठेवला होता. चौथ्या संध्याकाळी डब्यातून कागद काढला आणि माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर बोलेल आता."

ताईनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हां. ही मी."

पुढे काय झालं, सांगते. त्या फोटोनं लगेच लग्न जमलं वगैरे काही झालं नाही. उलट स्थळं कमी आली. फोटो पाठवला की पुष्कळदा उत्तरच यायचं नाही. मामी मला टोमणे मारायची. पण ताई म्हणाली, "नकार फोटोला मिळतोय आत्या, मला नाही. आता कुणी घरात येऊन, पोहे खाऊन, माझ्या तोंडावर नकार देत नाही." हे ती माझ्या आईला सांगत होती आणि मी शेजारच्या खोलीत होते. एका खऱ्या फोटोनं तिचा अपमान तरी वाचवला होता. बी.एड. करून ती शाळेत लागली. २००६ मध्ये लग्न झालं. मुलाकडचे आले तेव्हा फोटोबद्दल कुणी काही बोललं नाही. तसं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आता मोबाइल आहे, पण…

रोल, निगेटिव्ह, डार्करूम हे सगळं आता हौशी लोकांपुरतं उरलं आहे. कोडकनं कोडाक्रोम ही १९३५ पासूनची प्रसिद्ध रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद केली. गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमनंही २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून टाकला. २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीनं गडद वर्ण खरा दिसावा म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यात खास सुधारणा केल्याचं जाहीर केलं. पण स्टुडिओतलं ते टचिंग मात्र आपल्या खिशात आलंय. ‘ब्यूटी’चं बटण दाबलं की सगळ्याच गोऱ्या आणि सगळ्याच सारख्या!

मी आता सांगलीत छोट्या उद्योगांसाठी फोटो काढते. हळद, बेदाणा, लोणची, पापड. सुट्टीत मुलींचे वर्ग घेते. त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते.

फोटो काढताना ट्यूबलाइट आणि उन्हाचा उजेड एकत्र करू नका. शक्य असेल तर दिवे बंद करून दाराजवळ किंवा खिडकीजवळ बसा, थेट उन्हात नको. मागे पांढरीफेक किंवा भडक रंगाची भिंत नको. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा भिंत न मोजता चेहरा मोजेल. ‘ब्यूटी’ बंद ठेवा. पदराचा रंग हनुवटीवर उतरतो, तो ओळखायला शिका. आणि जुने रंगीत फोटो ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. त्यांचे रंगही हळदीच्या डागासारखेच उडतात.

आणखी एक करून बघा. घरातला एक रंग निवडा. मिरचीचा लाल, कडीपत्त्याचा हिरवा, काहीही. त्याचा सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री दिव्याखाली असा फोटो काढा. चार फोटो शेजारी ठेवा. चार वेगळे रंग दिसतील. माझ्या वर्गातल्या मुली आधी कंटाळतात. मग एकेकजण मोबाइल घेऊन धावत येते, "मॅडम, हा बघा, हा मी आधी कधी बघितलाच नव्हता!" नवीन कल्पना सुचते ती इथून. त्यासाठी लांब जावं लागत नाही.

ताईची मुलगी आता कॉलेजला जाते. आईवर गेली आहे, रंगानंही. गेल्या दिवाळीत ती आल्या आल्या मोबाइलवर स्वतःला गोरं करत बसली होती. ताई काही बोलली नाही. आतून एक लिफाफा आणला आणि तिच्यासमोर दोन फोटो ठेवले. एक स्टुडिओतला, एक ओसरीवरचा.

मुलीनं ओसरीवरचा उचलला. "आई, किती गोड दिसतेस गं!" मग दुसऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "आणि ही कोण?"